मग तो कुठे जातो?

सोमवार, तीन तारीख

घुम्या,

तर सगळ्यात आधी उगवली ती घोगरी. उगवली म्हणजे कधीची दारात उभी राहून बेल दाबत होती म्हणे, आणि मी आत निवांत मटार सोलतेय. शेवटी खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई वर आली, तिने दार बडवलं, तेव्हा कुठे मी उघडलं. आपली बेल बिघडली आहे. वायरमनला बोलावलं तर तो स्टुलावर चढून, खाली उतरून म्हणतो, आजी, बेलला काही झालेलं नाही. हल्लीच्या कारागिरांना बिघाड सापडतसुद्धा नाही, मग दुरुस्त काय करणार, कपाळ.

बरं, घोगरी. तिच्या हातात तुझ्या व्हायोलिनची पेटी. मला वाटलं, आली बया पेटी परत करायला. पण नाही. खुर्चीत बसली आणि पेटी मांडीवर घेतली, दवाखान्यात तान्हं मूल घेऊन बसतात तशी. चहा प्यायली तोही पेटीवरून मान वाकडी करून. मी म्हटलं, अगं ठेव ती खाली, पळून नाही जायची. तर म्हणाली, "आजी, या घरातल्यांचं काही सांगता येत नाही." घे. हा टोमणा तुला होता. मी बिस्किटं पुढे केली.

एवढ्यात लंबू. दाराची चौकट कपाळाला लावल्याशिवाय तो अजूनही आत येत नाही. पियानो सुरात लावायला आला होता. ही इथे आहे हे त्याला ठाऊक नाही आणि तो येणार हे तिला नाही. तू बघायला हवा होतास. एकाच भांड्यातलं दूध चोरायला आलेली दोन मांजरं समोरासमोर आली की कशी भलतीकडे बघत अंग चाटायला लागतात, तशी दोघं. मला हसू आवरेना. किती दिवसांनी ह्या खोलीत एका वेळी तिघं माणसं बसली होती रे. तिसरी मी असले म्हणून काय झालं.

लंबूने पियानोचं झाकण उघडलं. सिनेमागृहाने टाकून दिला तेव्हा आजोबांनी हातगाडीवर घालून आणलेला तो पियानो, त्याला सूर लावणं म्हणजे टक्कल पडलेल्याचा भांग पाडणं, पण लंबू नेमाने येतो. तो पट्ट्या ठोकत राहिला, ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि मधे बसून मी एकटी बोलत राहिले. मधूनच दोघं काहीतरी पुटपुटायची. हल्ली सगळेच पुटपुटतात. तुझी आई फोनवर इतकं हळू बोलते की मी आपली हो हो म्हणते. परवा त्या नादात कशाला हो म्हटलं कोण जाणे, तिने मला लोकरीचे मोजे पाठवून दिले.

तू काय केलंस ते तुला माहीतच आहे. पण ह्या खुर्चीतून ते कसं दिसतं ते ऐक. तीन पोरं. एक गाणारी, एक पियानोवाला, एक व्हायोलिनवाला. दर रविवारी बागेतल्या मंडपात तिघांचं गाणंबजावणं आणि तालीम माझ्या खोलीत. व्हायोलिनवाल्याचा गाणारीवर जीव. पियानोवाल्याचाही तिच्यावरच. पियानोवाला मित्राला येऊन सांगतो, मी तिला लग्नाचं विचारणार आहे. आणि व्हायोलिनवाला काय करतो? तोंडातून अक्षर काढत नाही. सकाळी तिच्या दारात व्हायोलिन ठेवतो, चिठ्ठी नाही चपाटी नाही, आणि जाऊन जहाजावर चढतो. बरं, जहाजावर तरी वाजवायला जावं. तर तिथल्या स्वयंपाकघरात ताटल्या विसळायला.

घुम्या, हे तुझ्या डोक्यातून आलेलं नाही. हा आपला सिनेमा आहे.

आजोबा सिनेमागृहात मशीन चालवायचे तेव्हा दुसरा कुठला सिनेमा पडला की मालक तोच परत लावायचा. तोच गळाबंद कोटातला पियानोवाला, तीच गाणारी, तोच बिचारा व्हायोलिनवाला. तू मशीनच्या खोलीत स्टुलावर उभा राहून भिंतीतल्या भोकातून बघायचास. शेवटी तो तिच्या दारात व्हायोलिन ठेवतो, वळतो, धुक्यात चालत जातो. दिवे लागायचे, बायका नाकं पुसत उठायच्या. आणि तू दर वेळी विचारायचास, मग तो कुठे जातो? आजोबा म्हणायचे, कुठे नाही, संपलं. तू रडायला लागलास की मी म्हणायचे, बघ किती मोठ्या मनाचा माणूस, मित्रासाठी सगळं सोडलं. आता मला काय ठाऊक, तू ते मनाला बांधून ठेवशील.

माझी शाळा दुसरीतच सुटली. वाचायला शिकले ते आजोबा भिंतींवर चिकटवायचे त्या जाहिराती बघून. म्हणून माझं अक्षर एवढं ढब्बू, आणि खून, सूड, विरह हे शब्द मी न चुकता लिहिते. बाकीचे सांभाळून घे.

मला एवढंच म्हणायचंय. तुझं जहाज महिनाअखेरीला इथल्या बंदराला लागतं असं कंपनीच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली. दोनदा विचारावं लागलं, तीही पुटपुटीच. तेव्हा उतर, घरी ये आणि ते व्हायोलिन हातात घे. पोरगी कुणाची व्हायची ती होवो, नाहीतर कुणाचीच न होवो, तो तिचा प्रश्न. पण तुझी बोटं साबणाच्या पाण्यात घालण्यासाठी नाहीत. हे सांगायला मला दुसरीच्या पुढे शिकायची गरज नाही.

तुझी आजी

शुक्रवार, चौदा तारीख

घुम्या,

तुझं कार्ड मिळालं. पुढे दीपस्तंभ, मागे "मी ठीक आहे." आजोबांचा हात मशीनला लागून सोलवटला होता ना, तेव्हा तेही हेच म्हणाले होते, पट्टी बांधताना. दीपस्तंभ छान आहे. आरशाला लावलाय.

इकडची बातमी म्हणजे शिट्टीच्या किटलीची शिट्टी गेली. पाणी आटून बूड काळं ठिक्कर पडलं तरी वाजली नाही. शिंपीणबाई धूर बघून धावत आली, आणि आल्या आल्या किटली सोडून आधी रेडिओ बंद केला. तिची भिंत हलते म्हणे. माणूस चांगलं आहे, पण गाण्याची आवड नाही.

तर लंबू बेल बघायला आला. त्यानेही बटण दाबून बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत बटण दाबलं, परत माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्या तोंडाकडे काय बघतोस, बेल तिकडे आहे. मग तो पकड हवी म्हणून माळ्यावर चढला आणि तिथून ओरडला, "आजी, ह्या डब्यात काय आहे?" हे मात्र मला लख्ख ऐकू आलं.

आपल्या घरात आजोबांचे रिळांचे रिकामे डबे कुठे नाहीत ते सांग. एकात बटणं, एकात पीठ, एक कुंडीखाली, एकात तुझे दुधाचे दात. मी म्हटलं, रिकामा असेल, दे टाकून. तर म्हणाला, जड आहे. खाली आणून झाकण उघडलं तर सिरक्याची बाटली फुटल्यासारखा वास. आत रीळ. झाकणावर आजोबांनी रंगाने लिहिलेलं, आपल्या सिनेमाचं नाव आणि खाली "शेवटचं".

मी म्हटलं, शेवटचं तर आपण पाहिलंय की, धुक्यातलं. लंबूने रिळाचं टोक खिडकीपाशी उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं, आणि ते भिंगासकट माझ्या हातात दिलं. बघते तर धुकं संपलं होतं. स्टेशन होतं. आणि बाकावर मुंगीएवढा व्हायोलिनवाला बसला होता, हात रिकामे, गुडघ्यांवर ठेवलेले.

घुम्या, इतकी वर्षं मी त्या माणसाला धुक्यात पाठवून घरी येऊन स्वयंपाकाला लागत होते, आणि तो आपला माळ्यावर बसून होता. आजोबांनी हे कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते त्यांनाच ठाऊक, आता विचारायची सोय राहिली नाही.

लंबूच्या ओळखीचा एक जण जुन्या फिल्मा साफ करून देतो. त्याच्याकडून करून आणतो म्हणाला, मशीनही मागून आणतो. मग डबा काखेत धरून दारापर्यंत गेला आणि तिथून परत आला. म्हणाला, लवकर करायला हवं, कारण तो चाललाय.

कुठे, तर दुसऱ्या गावी, संगीताच्या शाळेत शिकवायला. एकतीस तारखेला, सोमवारी. कायमचा. मी म्हटलं, आणि ती? तर काय म्हणावं त्याने. तू गेल्यापासून त्याने तिला विचारलेलंच नाही. मी म्हटलं, अरे, तू विचारणार होतास म्हणून तर आमचा गेला. तो पियानोकडे बघत म्हणाला, "कसं विचारू आजी? त्याने खाली ठेवलं म्हणून मी उचललं, असं झालं असतं. त्यापेक्षा मीच जातो. मी गेलो की तो येईल."

म्हणजे हाही त्यागाला निघाला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे दोन्ही तलवारी चालल्या परगावी, आणि म्यान एकटं खुंटीवर.

तिला सांगितलंस का, विचारलं, तर नाही. तुम्हीही सांगू नका म्हणाला. मी शब्द दिला, दिवसभर पोटात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात ती भेटली तेव्हा सांगून टाकलं. भाजीची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली तिने आणि हसली. ते हसणं मला आवडलं नाही. म्हणाली, "एकाचं व्हायोलिन माझ्या दारात आलं. आता दुसऱ्याचा पियानोही पाठवून द्या, दुकानच टाकते." आणि मग म्हणाली की मंडपातल्या माणसाला तिने कळवून टाकलंय, आता ती गाणार नाही. गळा बसलाय म्हणून सांगितलं. तिचा गळा बसलेला आहे की नाही हे कुणाला कळणार, मुळातच घोगरा.

मला काळजी वाटते रे. तुम्हा दोघांची वाटते तशी नाही. तुम्ही दोघं मोठ्या मनाने निघून गेलात, वाटेत स्वतःच्या पाठीवर थाप मारायला मोकळे. तिने काय करायचं?

येताना ताटल्यांचा साबण चोळलेले हात कुणाला दाखवू नकोस, मोजे मी तुला देईन, हातांत घाल.

तुझी आजी

सोमवार, चोवीस तारीख

घुम्या,

काल आपल्या घरात सिनेमा झाला. तुझ्या आजोबांनी वर बसून टाळी वाजवली असेल.

लंबूने दुपारी मशीन आणलं, एका माणसाचं ओझं आणि दोन माणसांचा घाम. पियानो सरकवून मोकळ्या भिंतीवर चादर ठोकली. निळ्या फुलांची नव्हे, पांढरी. मी तीन वेळा इस्त्री केली होती, तरी मधोमध एक घडी राहिलीच. पडदे ओढले. घोगरी माझ्या बाजूला बसली, मांडीवर तुझी पेटी. येणार नव्हती ती. मी निरोप पाठवला की मला पाय दुखत असल्यामुळे चहा करता येत नाही, कुणीतरी करायला हवंय. पाय दुखतच होते थोडे.

मशीनची खटखट सुरू झाली आणि मला बरं वाटलं. तो आवाज माझ्या हाडांत बसलाय, आजोबांचा डबा द्यायला जायचे तेव्हा जिन्यातच ऐकू यायचा.

आधी धुकं. मग धुक्यातून तो बाहेर येतो. कोट तोच, चाल तीच. स्टेशनात येऊन बाकावर बसतो. गाडी येते, दारं उघडतात, माणसं चढतात. हा बसलेलाच. गाडी जाते. कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही, आणि तो बाकावरून हलत नाही. परत एक गाडी. परत तेच.

तू विचारायचास ना, मग तो कुठे जातो? बाळा, तो कुठेच जात नाही. स्टेशनापर्यंतच जातो.

मग ती येते, गाणारी. धापा टाकत, हातात व्हायोलिन. त्याच बाकावर बसते, पण मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. आणि बोलायला लागते. खाली रस्त्यावर कसल्या गाड्या चालल्या होत्या कोण जाणे, मला बाईचं बोलणं लागेना. मशीन ऐकू येत होतं, बाई नव्हती. ओठ हलतायत, मान हलतेय, आणि शब्द नाही. माझे तळवे गार पडले. खोलीत गारठाच होता तसा. थोडा वेळ थांबले, म्हटलं आता येईल, आता येईल. नाही आलं तेव्हा मी घोगरीला कोपराने डिवचलं आणि विचारलं, काय म्हणतेय गं ती?

घोगरीने आधी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. मग वाकून तोंड माझ्या कानापाशी आणलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगायला लागली.

"ती म्हणतेय, मी काय तुमच्या दोघांतलं सामान आहे? एकाने खाली ठेवायचं, म्हणून दुसऱ्याने उचलायचं नाही? तुम्ही एकमेकांसाठी केवढं सोडलंत. मला विचारलं कुणी? विचारलं असतंस तर सांगितलं असतं. रोज दार उघडून बघत होते, विचारायला येतोस का. आता नाही सांगणार. आधी वाजव."

फार चांगलं लिहिलंय रे त्या सिनेमावाल्यांनी. एवढं चांगलं पुढे ठेवून आजोबा धुक्यातच दिवे लावायचे म्हणजे कमाल झाली.

मी विचारलं, आणि तो काय म्हणतो?

ती म्हणाली, "तो काही म्हणत नाही, आजी. तो कधीच काही म्हणत नाही."

आता पडद्यावर तर तो चांगला हात हलवून हलवून बोलत होता, मधेच कपाळावर हात मारून घेत होता. मी मनात म्हटलं, हल्लीच्या पोरींना समोरचंही दिसत नाही. पण वळून तिच्याकडे बघितलं तर तिचे डोळे भरलेले, म्हटलं, त्यामुळे दिसत नसेल.

शेवट असा आहे. ती व्हायोलिन त्याच्या मांडीवर ठेवते. तो ते बघत बसतो, मग उचलतो, हनुवटीखाली धरतो. एक तार पिळतो, दुसरी पिळतो. आणि वाजवतो. ती डोळे मिटून ऐकते. दोघांच्या मधली जागा तेवढीच राहते, कुणी जवळ सरकत नाही, तेच मला आवडलं. मागून गाडी जाते, धूर येतो, संपलं.

काय वाजवलं ते मला नीट कळलं नाही. गाडीच्या आवाजात गेलं असेल.

रीळ संपलं, टोक मशीनवर फटफट आपटत राहिलं, तरी लंबू बंद करेना. मशीनपाशी नुसता उभा, घोगरीकडे बघत. पांढऱ्या चादरीवर नुसता उजेड पडलेला आणि मधे ती घडी. शेवटी मीच म्हटलं, अरे, आजोबा असते तर कान उपटले असते तुझे. तेव्हा बंद केलं.

नंतर दोघं चहा न घेता गेली. वेगवेगळी गेली. ती पेटी घेऊन आधी, तो चादर काढून, मशीन कोपऱ्यात झाकून, मग. जाताना लंबूला चौकट लागली नाही, म्हणजे खाली मान घालूनच गेला.

घुम्या, मला आज बरं वाटत नाहीये. ताप वगैरे काही नाही. असंच. तू ये.

तुझी आजी

बुधवार, सव्वीस तारीख

घुम्या,

हे पत्र मी शिंपीणबाईच्या सोबतीने बंदरावरच्या ऑफिसात ठेवून येणार आहे. जहाज शनिवारी लागलं की हातात देतील, आणि सोमवारपर्यंत ते हलत नाही, ही चौकशी मी ह्या वेळी कागदावर लिहून घेतली आहे.

आधीच्या पत्रात मी एक चुकीचं लिहिलं. म्हणजे तेव्हा मला तेच खरं वाटत होतं.

काल लंबू आला. खुर्ची ओढून अगदी माझ्या समोर बसला, गुडघ्याला गुडघा, आणि पहिलीच्या मुलांना शिकवतात तसं तोंड मोठं करून म्हणाला, "आजी, त्या रिळाला आवाजच नाही. तुम्हाला काही ऐकू आलं नाही ते बरोबर होतं. तिथे कुणालाच काही ऐकू येत नव्हतं."

मला आधी कळेना. मग मी इतकी हसले की ठसका लागला, त्यालाच पाणी आणावं लागलं. दोन दिवस जेवण गेलं नव्हतं रे मला. वाटलं, संपलं, कान पुरते गेले.

आता लिहून गेलेच आहे तर लिहिते. बेल चांगली आहे. किटलीही चांगली होती बिचारी. कान तपासून डॉक्टर म्हणाला, आजी, उतार लागलाय, आणि बारीक आवाज आधी जातात. म्हणजे व्हायोलिनची पातळ तार आधी. जाड तार अजून बरीच वर्षं ऐकू येईल म्हणाला, म्हणजे मशीनची खटखट, लंबूचं ओरडणं आणि शिंपीणबाईची बडबड. देवाचाही न्याय बघ. हे मी तुला कळवणार नव्हते. म्हातारीचे कान चालले म्हणून नातू धावत येतो, हा तर त्या सिनेमाहून रडका सिनेमा. त्यासाठी येऊ नकोस. माझ्यासाठी जाड तारेवर वाजवता येईल.

आजोबांचंही कोडं सुटलं. रिळाच्या कडेला एक नागमोडी रेघ असते, तोच आवाज, त्यांनीच मला दाखवली होती लग्नानंतर. ह्या रिळाची कड कोरी आहे. कंपनीने तसंच पाठवलं असणार. मुकं रीळ लावलं असतं तर लोकांनी खुर्च्या फोडल्या असत्या, म्हणून त्यांनी धुक्यातच दिवे लावले आणि हे माळ्यावर टाकलं. मी खिडकीत भिंगातून बघितलं होतं की ते रीळ, पण व्हायोलिनवाला दिसल्यावर कडेला कोण बघतं?

माझं हसू थांबलं ते त्यानंतर. म्हटलं, अरे, मग ती बाई काय म्हणत होती?

लंबू म्हणाला, "ते कुणालाच माहीत नाही. जे तुम्ही ऐकलंत ते बाई नाही म्हणाली, आजी. ते ही म्हणाली."

मग तो म्हणाला, त्याने विचारायचं ठरवलं तेही तिला न सांगता आणि सोडायचं ठरवलं तेही तिला न सांगता, आणि मित्राला मात्र दोन्ही वेळा मनात धरून. एकतीस तारखेचं तिकीट त्याने अजून फाडलेलं नाही. म्हणाला, जायचं की नाही ते नंतर, पण असं न बोलता जाणार नाही. मला तो पहिल्यांदाच उंच वाटला.

आज सकाळी घोगरी आली. मी सरळ विचारलं. तिने कान लाल होईपर्यंत पेटीची कडी उघडझाप केली आणि म्हणाली, "कुणीतरी बोलायला हवं होतं ना आजी. ती बाई बिचारी नुसती तोंड हलवत होती." मी म्हटलं, आणि रोज दार उघडून बघत होतीस, तेही तूच का? त्यावर ती खिडकीबाहेर बघत राहिली. कुणासाठी बघत होतीस हे मी विचारलं नाही. ते विचारायचं काम माझं नाही, आणि तुम्हा दोघांपैकी ज्याला ते आधी सुचेल त्याच्यासाठीही उत्तर काय असेल ते मला माहीत नाही. दोघांनाही नाही म्हणाली तरी तिचा हक्क आहे. पण विचारा.

जाताना ती दारातून वळून म्हणाली, यातलं काही घुम्याला लिहू नका. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कानाला हात लावून म्हटलं, काय गं? नीट ऐकू आलं नाही. एवढा तरी फायदा नको का?

एक गोष्ट राहिली. पेटी ह्या वेळी तिने नेली नाही. पियानोवर ठेवली आहे. बाहेर आणि आत दोन्हीकडून पुसून ठेवली, आणि एक तार नवी घातली आहे, कुठली ते मला कळत नाही, तुला कळेल. ती म्हणाली, वाजवणारा आला नाही तर तिथेच राहू दे, माझ्या दारात परत नको.

त्या स्टेशनावरच्या माणसाने काय वाजवलं ते आता कुणालाच कळायचं नाही. सिनेमा काढणारे गेले, वाजवणारा गेला, कड कोरी. मला मात्र ते ऐकायचंच आहे, कान आहेत तोवर.

दार नुसतं लोटलेलं असेल. बेल दाबत बसू नकोस, मला ऐकू येणार नाही. ढकल आणि आत ये. खुर्च्या मी चार मांडते आहे, चहा शिंपीणबाई करणार आहे, रेडिओ बंद ठेवायच्या अटीवर.

रविवारी, तीस तारखेला, दुपारच्या चहाला येतो म्हणालीत दोघं. वेगवेगळी म्हणाली, पण येतो म्हणाली.

तुझी आजी